जिनिंगच्या हंगामातला दिवा

दिवाळी आटोपली की वलगावच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. परगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. पण लागतो खरा. कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेनं जातात, बाभळीचे काटे जाता जाता आपला वाटा काढून घेतात आणि बघता बघता झाडं पांढरी होतात. पूर्वी बैलांच्या बंड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि ट्रक आहेत. बाभळींनी मात्र आपला हक्क सोडलेला नाही. यंदाही हंगाम लागताच अमरावतीहून वलगावला जाताना त्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या, आणि घरी परतल्यावर मी सवयीनं मान वर करून दिव्याकडे पाहिलं.

दिवा हलला नाही. आताचे दिवे हलत नाहीत. आमच्या वेळी हंगाम सुरू झाला की दिवे हलायचे. हलायचे म्हणजे वाऱ्यानं झुलायचे नाहीत. जागेवरच मंद व्हायचे, पुन्हा उजळायचे, मध्येच थरथरायचे. गावात वीज नवी नवी आली होती. कापसातली सरकी काढून रुई मोकळी करणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यातल्या मोठाल्या मोटारी आणि आमचे पिवळे बल्ब एकाच तारेवर जगत होते. थोरल्या भावानं ताटात जास्त ओढून घेतलं की धाकट्याला कमी पडतं, तसं व्हायचं. लोकांना त्याचं काही वाटत नसे. बायका त्याच उजेडात भाकरी थापत आणि पोरं त्याच उजेडात पाढे म्हणत. मला मात्र वाटायचं, आणि त्या वाटण्यापायी पुढे माझं एक वर्ष गेलं.

हे सगळं यंदाच वर यायला बाभळी हे निम्मंच कारण आहे. उरलेलं निम्मं कारण म्हणजे प्रज्ञा. ती माझ्या थोरल्या बहिणीची, शांताताईची नात. दक्षिणेकडे एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. क्ष-किरणांत आकाश बघणारा उपग्रह वर फिरत असतो, त्याच्याकडून आलेले आकडे घेऊन ही खाली बसते. रविवारी मला फोन करते. हिचं एक कृष्णविवर आहे. ती 'माझं कृष्णविवर' असंच म्हणते, शेतकऱ्यानं 'माझी काबरी गाय' म्हणावं तसं.

तिच्या या गायीचं थोडक्यात सांगायचं तर असं आहे. कृष्णविवर दिसत नाही. त्याच्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही, मग दिसणार कसं? पण त्याच्या शेजारी एक साधा तारा असतो आणि त्या ताऱ्याचा वायू हे हळूहळू ओढून घेत असतं. ओढलेला वायू सरळ आत पडत नाही. तो भोवती फिरत राहतो, साचत राहतो. वर्षानुवर्षं काही घडत नाही. मग एखाद्या वेळी साठलेलं एकदम आत उतरायला लागतं. उतरताना ते इतकं तापतं की क्ष-किरण फेकू लागतं. कालपर्यंत अंधार होता तिथे क्ष-किरणांच्या आकाशातली सगळ्यांत प्रखर जागा तयार होते. याला उद्रेक म्हणतात. काही महिने तो चालतो आणि मग ओसरतो. त्या काळात तिथून येणारे किरण एकसारखे येत नाहीत. ते हलतात, थरथरतात, एका सेकंदात कितीतरी वेळा.

या थरथरण्यावरूनच त्या न दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोलता येतं. वेगानं थरथरतंय म्हणजे ती जागा लहान असली पाहिजे. मी विद्यार्थ्यांना पंगतीचं उदाहरण द्यायची. गावजेवणाची लांबलचक पंगत असेल तर वरण खारट झाल्याची बातमी या टोकाकडून त्या टोकाला जायला वेळ लागतो, सगळी पंगत एकदम हात थांबवू शकत नाही. घरातली चार माणसं मात्र एका घासाला थांबतात. ज्याला पटकन बदलता येतं ते आकारानं आटोपशीर असतं, मग ते घर असो की आकाशातला तुकडा.

तर प्रज्ञाच्या कृष्णविवराचा उद्रेक ओसरत असताना तिला एक थरथर सापडली आहे. याआधी ती कोणी नोंदवलेली नाही. तिचे वरिष्ठ म्हणतात, ही उपग्रहावरच्या यंत्राची खोड आहे, तेवढा तुकडा कापून टाक, उरलेल्यावर गुळगुळीत रेघ काढ आणि लेख पाठवून दे. तसं केलं तर लेख याच महिन्यात जाईल आणि तिची पुढची शिष्यवृत्ती मंजूर होईल. नाही केलं तर काय होईल ते कोणीच सांगत नाही. तिनं मला विचारलं, "आजी, मी काय करू?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. मला चटकन उत्तर देता आलं असतं, पण तिला उत्तर देण्याआधी मला एकदा अकोल्याला जाऊन यायचं होतं. मनानंच.

अकोल्याला शांताताईचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून होतं. घर म्हणजे दोन खोल्या. भाऊजी तार ऑफिसात होते. माणूस शांत, बोलणं तारेसारखंच, मोजकं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुटीत अभ्यासाचं नाव करून ताईकडे गेले होते. अभ्यास कसला होणार. सकाळी भोंगा झाला की भिंतीपलीकडे घरघर सुरू व्हायची आणि हवेत रुईचे बारीक तंतू तरंगायला लागायचे. पाण्याच्या घागरीवर फडकं बांधावं लागे. केसांत पांढरं, भाकरीवर पांढरं. ताई संध्याकाळी माझी वेणी घालताना तंतू वेचून काढायची आणि म्हणायची की तुझं लग्न ठरायच्या आधीच तू म्हातारी दिसायला लागलीस. सरकीचा तो तेलकट, ओलसर वास मला अजून येतो. दुसऱ्या कुणाला ती घाण वाटेल, पण मला त्या वासानं भूक लागते.

भिंतीला एके जागी फट होती, तिथून आतलं आवार दिसायचं. कापसाचा डोंगर, त्यापुढे यंत्रांची रांग आणि रांगेनं उभ्या राहून कापूस भरवणाऱ्या बाया. कापूस आत जाई, एकीकडे रुई आणि दुसरीकडे सरकी. दिवसासुद्धा आत दिवा लागलेला असे. तो दिवा आणि आमच्या स्वयंपाकघरातला दिवा बरोबरच मान टाकतात हे मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं. कापूस एकसारखा आत जात नसे. सुका असेल तर सुरळीत. दवानं ओला झालेला आला की तो यंत्राच्या तोंडाशी अडायचा, साचायचा, आणि मग गोळाच्या गोळा एकदम आत ओढला जायचा. मोटार कण्हायची. त्याच क्षणी ताईच्या चुलीवरचा दिवा मंद व्हायचा.

मग मला नादच लागला. मी स्वयंपाकघरात दिव्याकडे बघत बसायची आणि आत काय चाललंय ते ताईला सांगायची. आता ओला कापूस आला, आता सुरळीत चाललं, आता अडकला. ताई भिंतीशी जाऊन बघून यायची आणि बहुतेक वेळा मी बरोबर निघायची. दोन दिवस तिलाही गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीचं उलथनं माझ्यावर रोखलं. "दिव्याकडं काय पाहून राहिली वं गोदे? पुस्तकाकडं पाय. दिवा काय तुले फस क्लास देनार हाये?"

फर्स्ट क्लासचा विषय आमच्या घरात तेव्हा रोजचा होता, म्हणून तो इथं नीट सांगायला हवा. बाबा वलगावला प्राथमिक शाळेत मास्तर. धम्मदीक्षेच्या वर्षी ते नागपूरला जाऊन आले आणि घरातल्या जुन्या देवांच्या फळीवर त्यांनी माझी पुस्तकं लावली. माझं गोदावरी हे नाव बदलायचं का, असंही कुणी विचारलं होतं. नदीनं काय घोडं मारलं, म्हणून त्यांनी ते ठेवलं. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. त्यापुढे नागपूरला जाऊन एम. एस्सी. करायचं तर फर्स्ट क्लास हवा होता, त्याशिवाय जागा नाही आणि वसतिगृहही नाही. दुसरीकडे दर्यापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा तलाठी, माणसं चांगली. मायनं त्यांना निकालापर्यंत थांबवून ठेवलं होतं. फर्स्ट क्लास मिळाला तर नागपूर, नाहीतर दर्यापूर, असा घरात करार झाला होता. माय मनातून दर्यापूरच्या बाजूची होती आणि ते तिनं कधी लपवलं नाही.

सुटी संपवून मी अमरावतीला परत आले तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तोच दिवा माझी वाट बघत होता. प्रयोग असा होता: एका काळ्या पडद्यांच्या खोलीत लांब पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन दिवे, मध्ये कागदाचा पडदा आणि त्या कागदावर तेलाचा एक डाग. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. कागद मागेपुढे सरकवून ती जागा शोधायची, अंतरं मोजायची आणि दोन दिव्यांच्या तेजाचं प्रमाण काढायचं. यातला एक दिवा बॅटरीवर चाले, म्हणून तो स्थिर असे. दुसरा विजेच्या तारेवर. आणि कॉलेजच्या मागच्या अंगाला, रस्ता ओलांडला की, जिनिंग होतं.

डाग सापडायचा आणि हरवायचा. मी पट्टीवरचा आकडा वाचेपर्यंत तो पुन्हा उगवायचा. यावर आमच्याकडे एक पिढीजात उपाय होता. हंगामात दिवा असाच असतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून दोनतीन आकडे घ्यायचे, वरच्या वर्गातल्या कुणाचं उत्तर विचारून ठेवायचं आणि सरासरी त्याच्या जवळ येईल अशा बेतानं चौथा आकडा लिहायचा. याला 'जुळवणं' म्हणत. कुणाला ते खोटं वाटत नसे. लग्नात पत्रिका जुळवतात तसंच ते होतं, सगळ्यांच्या संमतीनं. मला ते जमेना. मी पडदा एका जागी ठेवून नुसता डाग बघत बसले. तो कधी उगवतो, किती वेळ राहतो, कधी मावळतो, हे लिहून घेत गेले आणि त्याचा आलेख काढला. आलेख म्हणजे अकोल्याच्या भिंतीपलीकडचं सगळं आवारच होतं. अडणं, साचणं, एकदम ओढलं जाणं.

उमाळे सर आमची प्रॅक्टिकलं घेत. माणूस प्रेमळ, पण भलत्या वाटेला गेलेलं पोर त्यांना खपत नसे. आलेख त्यांनी बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "गोदावरी, प्रयोग दिव्याचा आहे. जिनिंगचा नाही." मी म्हटलं की सर, दिव्यात जिनिंग आहे. त्यांनी हसून वही परत दिली आणि परीक्षेत असलं काही काढू नकोस म्हणून बजावलं. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. माझ्या भल्याचंच ते सांगत होते. पण मला राग आला, आणि तो अख्खा हिवाळा मी तो राग निखाऱ्यासारखा फुंकून जिवंत ठेवला.

परीक्षा मार्चमध्ये. हंगाम ओसरत आलेला, पण जिनिंग अजून चालू. प्रॅक्टिकलला कोणता प्रयोग येणार हे चिठ्ठीवर ठरे. वर्गातली मुलं तेलाच्या डागाची चिठ्ठी निघाली तर खूश होत, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ती चिठ्ठी माझ्या हातात आली. मागून कुणीतरी म्हणालं की गोदीचं नशीब जोरात आहे.

त्या काळ्या खोलीत मी एकटी होते. दिवा मंद होत होता, उजळत होता. पाठ असलेलं उत्तर लिहायला मला काहीच वेळ लागला नसता. नागपूर त्या उत्तराच्या पलीकडे होतं आणि माझ्या हातात टाक होता. असं काही आठवताना माणसं सांगतात की आतून आवाज आला वगैरे. मला कसलाही आवाज आला नाही. मला फक्त एवढंच वाटलं की जे दिसलं ते लिहायचं नसेल तर डोळे घेऊन कशाला यायचं इथे, आंधळ्या माणसालाही उत्तर पाठ करता येतं. मी दिसलं ते लिहायला लागले.

नागपूरहून आलेले परीक्षक वयस्क होते. तोंडात लवंग, चालणं सावकाश. त्यांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं की एवढी उत्तरं कशी, दिव्याला एकच तेज असतं ना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी सरळ सांगितलं की दिवा जिनिंगबरोबर हलतो, थोड्या वेळात जेवणाचा भोंगा होईल, तिथल्या मोटारी बंद पडतील आणि हा दिवा स्थिर होईल. तेव्हा घेतलेलं माप खरं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले. दारात उमाळे सर येऊन उभे राहिले. आम्ही तिघंही भोंग्याची वाट बघत होतो.

भोंगा झाला. बाहेरची घरघर एकेक करत थांबली. दिवा उजळला, त्याचं मान टाकणं थांबलं, आणि मी पट्टीकडे हात नेला तोच मला दिसलं की तो अजून थरथरतो आहे. बारीक, भराभर, पाण्यावर शहारा यावा तसा. डाग दिसत होता, पुसला जात होता.

"जिनिंग बंद आहे ना आता?" परीक्षकांनी विचारलं. "मग हे काय आहे?"

कॉलेजात मी पुस्तकी बोलायची, पण त्या वेळी तोंडातून घरचंच आलं. "मले नाई माहीत, सर. पाहाते."

आणि मी पाहिलं. हिवाळाभर मी भिंतीपलीकडे बघत आले होते, हातातल्या दिव्याकडे पाहिलंच नव्हतं. बटण बंद केलं, रुमालात धरून बल्ब काढला. होल्डरमधली एक स्प्रिंग दबून बसली होती, बल्ब नीट टेकत नव्हता. चिमट्यानं ती वर ओढली, बल्ब घट्ट बसवला आणि बटण दाबलं. थरथर गेली. दिवा देवघरातल्या समईसारखा उभा राहिला. मी म्हटलं, "दोन कारनं होती, सर. मले एकच दिसलं होतं."

"आणि प्रयोग?" त्यांनी विचारलं.

प्रयोग राहिला होता. आधीची सगळी मापं थरथरणाऱ्या दिव्याची, म्हणजे बाद. नव्यानं मापं घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात वेळ संपत आला आणि जेवणाची सुटी संपल्याचा भोंगाही झाला. मोटारी सुरू झाल्या. दिव्यानं मान टाकली, सावकाश वर काढली. परीक्षकांनी ते नीट पाहिलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल लागला तेव्हा मी सेकंड क्लासमध्ये होते. लेखीत काही कमी नव्हतं, प्रॅक्टिकलनं खाली ओढलं होतं. पुढे केव्हातरी उमाळे सरांनी सांगितलं, परीक्षक म्हणाले होते की मुलगी बरोबर आहे, पण प्रयोग अपुरा आहे, आणि अपुऱ्याला पुरे गुण देता येत नाहीत. हे न्यायाचं होतं. तरी मी त्या दिवशी ढसाढसा रडले, न्याय झाला म्हणून काय रडू येत नाही? बाबा सायकलवरून अमरावतीला जाऊन निकाल बघून आले होते. घामाघूम, अंगणात सायकल आपटून उभे. गोष्टीतले बाप अशा वेळी मुलीला छातीशी धरतात. माझे बाबा ओरडले. "जुळवून टाकायचं होतं न! साऱ्या जगानं जुळवलं, तुलेच काहून सुचलं नाई?" ते त्या रात्री जेवले नाहीत. माय दर्यापूरच्या माणसांसाठी लाडवांचं दळण निवडायला बसली.

सकाळी बाबा विहिरीवरून आले तेव्हा मी ओसरीवर वाट अडवून उभी होते. मी सांगितलं की मी पुन्हा परीक्षेला बसणार, वर्षभर ताईकडे राहीन, अकोल्याला मुलींच्या शाळेत बदलीची मास्तरीण हवी आहे, ती होईन. दर्यापूरच्यांना थांबायचं तर थांबू देत, नाहीतर दुसरी मुलगी बघू देत, माझी ना नाही. मायनं सूप खाली ठेवलं. बाबा बादली घेऊन तसेच उभे, पायावर पाणी ठिबकत होतं. रात्रभर त्यांनी काय विचार केला मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "बस मंग. पन होल्डर पाहून बसजो." घरात सगळ्यांत आधी माय हसली.

दर्यापूरची माणसं थांबली नाहीत. त्या मुलाचं अंजनगावच्या मुलीशी लग्न झालं आणि संसार उत्तम झाला. मी मात्र पुढचा अख्खा हंगाम जिनिंगच्या भिंतीशी काढला. दिवसा शाळा, संध्याकाळी त्याच हलत्या दिव्याखाली अभ्यास. आता ताई मला काही बोलत नसे. उलट दिवा मंद झाला की तीच आतून ओरडून सांगायची की ओला कापूस आला वं. माझ्या केसांत पुन्हा रुई बसली. त्या वर्षी मला कधी निराश वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण निराश व्हायला सवडही फार नव्हती. मार्च आला. चिठ्ठीत दुसराच कुठलासा प्रयोग निघाला, नळीत पाणी भरून आवाजाचा वेग काढायचा. मी तो बिनचूक केला, मला फर्स्ट क्लास मिळाला आणि मी नागपूरला गेले. तेलाचा डाग वाट्याला आला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. आमचा हिशेब अर्धा राहिला तो राहिलाच.

नागपूरला ग्रंथालयात एकदा एका परदेशी नियतकालिकात वाचलं की हंस तारकासमूहात क्ष-किरणांचा एक उगम सापडला आहे. रॉकेट वर पाठवून काही मिनिटांपुरतं तिकडे बघायचं, एवढीच तेव्हा सोय होती. एका उड्डाणात तो उगम जोरदार दिसला, पुढच्या उड्डाणात बराच मंद. कृष्णविवर हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही तोंडी नव्हता. वर्गात त्यावर बोलणं निघालं तर एकजण म्हणाला, मोजणी करणारं यंत्र बिघडलं असणार, तारे काय असे हलतात? सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ताईचं स्वयंपाकघर आलं. होल्डर की जिनिंग, एवढाच प्रश्न होता, आणि कुणीतरी तिकडे कुठेतरी बल्ब काढून बघत असेल असं मला वाटलं. बघतच होते. त्या उगमाचं हलणं खरं निघालं. त्याच्या आत कृष्णविवर आहे हे मानायला मात्र जगाला आणखी बरीच वर्षं लागली.

मी काही शोध लावले नाहीत. अमरावतीला परत आले, कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाले. तीच पट्टी, तोच कागद, तोच डाग. मुलांनी आकडे जुळवून आणले की मला वासावरून कळायचं. मी रागवत नसे. त्यांना खोलीत नेऊन दिव्यासमोर बसवायची आणि काय दिसतंय ते विचारायची. कितीजण कंटाळायचे. एखादीच म्हणायची, मॅडम, हा हलतोय. त्या एखादीसाठी मी पुढचा हंगाम काढायची.

कृष्णविवराशी या सगळ्याचं नातं जोडायचा मोह होतो, पण नीट बघितलं तर गोष्ट उलटी आहे. जिनिंग गोळा गिळायचं तेव्हा आमचा दिवा मंद व्हायचा, आणि कृष्णविवर गिळतं तेव्हा आकाश उजळतं. तरी साचणं तेच आहे, एकदम ओढलं जाणं तेच आहे, आणि भिंतीच्या या बाजूला बसून थरथरीवरून पलीकडचं ओळखणारं माणूसही तेच आहे.

रविवारी प्रज्ञाचा फोन आला. तिला मी एवढं लांबलचक सांगितलं नाही. भोंगा झाल्यावर काय झालं तेवढं सांगितलं. म्हटलं, यंत्राची खोड आहे असं नुसतं म्हणणारा आणि नाही असं नुसतं म्हणणारा, दोघंही सारखेच. तू आधी बल्ब काढून बघ. खोड निघाली तर खुशाल काप आणि मोकळी हो. मग महिना संपला. लेख गेला नाही हे मला तिच्या आईकडून कळलं, शिष्यवृत्तीचं काय झालं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दोन रविवार फोन वाजला नाही. माझ्या नादानं हिचंही वर्ष जातंय की काय, असं वाटून मी बाबांसारखी जेवणावरून उठले.

काल फोन आला. आवाज थकलेला होता, बरेच दिवस नीट न झोपलेल्या माणसाचा. तिनं उपग्रहावरचं दुसरं यंत्र तपासलं होतं, जुन्या स्थिर ताऱ्यांचे आकडे काढून त्यांत ती थरथर येते का ते पाहिलं होतं, उद्रेकाच्या आधीचे दिवस पाहिले होते. वरिष्ठ अजून मानायला तयार नाहीत. तिकडे ती चारचौघांसारखं शहरी मराठी बोलते, पण माझ्याशी बोलताना शेवटी तिच्या पणजोबांच्या ओसरीवर येतेच.

"होल्डर पाह्यलं, आजी," ती म्हणाली. "घट्ट हाये. तरी हालून राह्यलं थे."

"मंग तसंच लिही," मी म्हटलं.